चोवीस किलोंची जोखीम

भाऊंना नारळाच्या झाडांची भीती वाटायची, आणि राहायचे ते रत्नागिरीत. इथे माडाखालून जायचंच नाही असं ठरवलं तर माणसाला घरात बसून राहावं लागेल, आणि घरावरही एखादा माड झुकलेला असतोच. भाऊंनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. ऑफिसच्या फाटकाशी स्कूटर लावली की बाकीचे सगळे हेल्मेट काढत; भाऊ तिथे पट्टा आणखी आवळत. फाटकापासून दारापर्यंत वाटेत माडांची रांग होती. ती पार करून डोक्यावर स्लॅब आला की मगच हेल्मेट उतरे.

बदली होऊन मी इथे आले त्या पहिल्याच सकाळी हे दृश्य माझ्या नशिबी आलं. हेल्मेट घातलेला एक लठ्ठसर गृहस्थ, पोटाशी जेवणाचा डबा धरलेला, नजर वर, आणि चाल खेकड्यासारखी तिरकी. मला हसू फुटलं. नको तिथे हसू येणं हा माझा जुना रोग आहे, त्यापायी मी दोन मैत्रिणी आणि एक चांगलं स्थळ गमावलंय. गृहस्थ माझ्यासमोर थांबले, हेल्मेटची काच वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, कुठल्या तुम्ही?"

"साताऱ्याकडची."

"मग बरोबर आहे. तुमच्याकडे वरून फक्त पाऊस पडतो."

आमचं ऑफिस विम्याचं, आणि भाऊ दाव्यांच्या टेबलावर. वीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. कोण जिन्यावरून पडला, कुणाच्या पायावर ओंडका आला, कोण आंघोळ करताना घसरला, हे सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत वाचायचं. आपण जगाकडे बघतो तेव्हा आपल्याला रस्ते, घरं, झाडं दिसतात. भाऊंना दावे दिसत. टेबलफॅनच्या जाळीत बोट, गरम चहाने पोळलेली जीभ, खिडकीच्या गजात अडकलेलं डोकं. अशा माणसाने खरं तर अंथरुणातून उठूच नये. पण अंथरुणात मेलेल्यांचे दावेही त्यांनीच पाहिले होते, त्यामुळे उठायचे.

कुठलीही गोष्ट करण्याआधी ते दोन्ही तळवे समोर धरत. डावा तळवा म्हणजे धोका, उजवा म्हणजे लाभ. मग ते तळवे वरखाली होत, वाण्याच्या जुन्या तराजूसारखे. चहा घ्यायचा? तळवे. समोरच्या गल्लीतून जायचं की हमरस्त्याने? तळवे. डब्यात बांगडा असला तर काटा घशात अडकण्याचा धोका डावीकडे, बांगडा उजवीकडे. बांगड्याच्या बाबतीत उजवा तळवा इतका झटकन खाली यायचा की आम्हाला शंका येई. "अहो, न्याय करा नीट," असं कुणी म्हटलं की म्हणत, "ताजा आहे. ताज्याचा लाभ वेगळा धरावा लागतो. समजलांत?"

वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला एकदा त्यांच्या लग्नाची हकिगत सांगितली होती. वहिनी उंच, सडसडीत, आणि बोलताना हात चालू. फणसपोळी आणि आंबापोळी उन्हाळ्यात करून ठेवायच्या आणि वर्षभर विकायच्या. त्यांच्या पडवीत ताटांच्या उतरंडी असत. "मला बघून गेले ते गेलेच," त्या म्हणाल्या. "महिना गेला, दुसरा गेला, शिमगा गेला. बाबा म्हणाले, नकार असणार, लाजून सांगत नसतील. मी दुसऱ्या स्थळापुढे पोहे घेऊन जायला उभी, आणि ह्यांचा मामा घाईघाईत निरोप घेऊन आला. काय निरोप? 'मुलाने पूर्ण विचार केला, लाभ जास्त निघतोय.' मी बाबांना म्हटलं, हाच चालेल. निदान विचार तरी केला माझा एवढा."

इतकं सगळं सांभाळून वागणाऱ्या माणसाचं काय व्हावं? दोन वर्षांपूर्वी पेनाचं टोपण खाली पडलं, ते उचलायला भाऊ वाकले आणि तसेच राहिले. कमरेची चकती सरकली. आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून रिक्षात घातलं, तेव्हाही ते माझ्याकडे बघून कळवळत म्हणाले, "टोपण, मॅडम! वीस वर्षांत टोपणाचा दावा एकदाही आलेला नाही!" मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, पण हसू आधी आलं.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही. पुन्हा सरकली तर ऑपरेशन. भाऊंच्या घरी त्यानंतर जे काही उचलायचं असे ते वहिनी उचलू लागल्या. गॅसचा सिलिंडर, तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या. भाऊ दारात उभे राहून सूचना करत. "गुडघ्यात वाक. श्वास सोड. हळू." वहिनी सिलिंडर घेऊन आत जाऊन आल्या तरी ह्यांचं हळू संपलेलं नसे.

आता त्यांच्या गावाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भाऊंचं गाव देवरूखच्या अलीकडे, डोंगरात. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या चौथऱ्यापाशी येते. तिथे ती नाचवतात. दांड्याच्या दोन टोकांना दोघं, आणि ढोल सुरू झाला की पालखी खांद्यावर घेऊन फिरायचं, खाली बसायचं, उसळी मारून उठायचं. पालखी जमिनीला टेकता कामा नये. कोकणात मुंबईहून माणसं शिमग्याला येतात ती ह्यासाठी. भाऊंच्या गावात पहिला खांदा त्यांच्या घराचा. दोन्ही टोकांना त्यांच्याच घरातली दोन माणसं उभी राहायची, मग बाकीच्या गावाने पालखी घ्यायची, असं पूर्वापार चालत आलेलं. भाऊंचे वडील आणि काका नाचवत, नंतर भाऊ आणि त्यांचा थोरला भाऊ. तो गेला. मग भाऊ आणि मुंबईतला पुतण्या.

कंबर गेली त्या वर्षी पुतण्याच्या जोडीला मुंबईचा एक मित्र उभा राहिला. गाव गप्प बसलं, पण ते बरं वाटून नव्हे. पुढच्या वर्षी तसंच झालं तेव्हा गावकरांनी, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, तुमची कंबर आमाला कळते. पण देवीला बाहेरचा खांदा किती वर्सं द्यायचा? फुडल्या शिमग्याला घरातली दोन मान्सं उभी ऱ्हायली नायत, तर मान वरच्या वाडीला जाईल. मग मला बोलू नका."

भाऊंनी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा तळवे पुढे केले नाहीत. हात मांडीखाली घेऊन बसले होते. "माझ्या हयातीत गेला तर माझ्यामुळे गेला असंच होईल ना, मॅडम?" ते म्हणाले. नवल म्हणजे, मला हसू आलं नाही.

पावसाळ्यात ऑफिसच्या पत्त्यावर एक खोकं आलं. आणणारा माणूस ते टेबलावर ठेवून कंबर चोळत गेला. वर भाऊंचं नाव, पाठवणारा पुतण्या. उघडलं तर आत काळाकभिन्न लोखंडी गोळा, वर जाड कडी. शिपाई म्हणाला, "तोफेचा आहे." रोखपाल म्हणाले, "छे, देवळाची घंटा आहे, आतली लोळी बसवायची राहिलीय." तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्या दंड दाखवणारा बनियन घालून आरशासमोर उभा. "काका, केटलबेल आहे ती! चोवीस किलो! रोज स्विंग मार, पायांमधून पुढे झोका दे, कंबर एकदम लोखंड! मी तर आता बत्तीसवर जातोय. शिमग्याला आपण दोघं फाडून टाकू!"

"काय फाडून?" भाऊंनी घाबरून विचारलं.

मग सुरू झाला तो तोलण्याचा काळ. श्रावण, गणपती, नवरात्र असे सगळे सण येऊन गेले, गोळा घराच्या पडवीत जागच्या जागी होता आणि भाऊ त्याचे धोके आणि लाभ गोळा करत गावभर फिरत होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चोवीस किलो? वेड लागलंय का? नाक्यावरच्या जिमचा पोरगेला मास्तर म्हणाला, काका, वेड लागल्याशिवाय बॉडी बनत नाही. भाऊंनी दोन्ही मतं दोन तळव्यांवर घेतली आणि तसेच ऑफिसात आले. मुद्दे तरी केवढे! लाभ: पाठ, खुबे, मांड्या यांना बळ येतं, पकड पक्की होते, दम वाढतो. धोका: पाठ वाकडी ठेवून उचललं तर असलेली कंबरही जाते, मनगटाच्या हाडावर गोळा आपटतो, खांदा निखळतो, दमल्यावर एक जास्तीचा झोका मारायचा मोह होतो, आणि नेमका तोच नडतो. "आणि सगळ्यात मोठा म्हणजे," भाऊ आवाज खाली आणून म्हणत, "हातातून सुटतो. सुटलेला चोवीस किलोचा गोळा कुठे जाईल, सांगा! नारळ निदान खालीच येतो."

शेवटी माझ्याच ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. बाई शहाण्या. त्यांनी कंबर तपासली, वाकवून पाहिली आणि सांगितलं, "बादलीही उचलू नका हे तेव्हा ठीक होतं. आता काहीच उचललं नाहीत तर कंबर आणखी कच्ची होईल. पण चोवीस एकदम नाही. हलक्यावरून सुरुवात, पाठ सरळ, आणि कमरेतून वाकायचं नाही, खुब्यातून. चुकायला लागलं की त्या क्षणी थांबायचं. हे पाळलंत तर लाभ, नाही तर माझ्याकडेच परत याल."

"खुब्यातून म्हणजे?"

"दोन्ही हातांत सामान असलं की मागचं दार कसं लावतो आपण? ढुंगणाने ढकलून. तसं."

भाऊ लाजले. त्यांनी आयुष्यात तसं दार लावलं नव्हतं. ते दार हाताने लावून, कडी घालून, पुन्हा ओढून बघणाऱ्यांतले. त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेले तर वहिनी दोन्ही हातांत आंबापोळीची ताटं घेऊन पडवीत आल्या, पाठ ताठ ठेवून जराशा पुढे झुकल्या आणि मागच्या मागे धाडकन दार लावलं. भाऊ बघतच राहिले. "अगं, पुन्हा लाव बघू." वहिनींनी पुन्हा लावलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा लावलं आणि मग म्हणाल्या, "मॅडमसमोर काय चाललंय तुमचं?"

हलक्या वजनाची सुरुवात असोल्या नारळांनी झाली. हलका गोळा विकत आणायचा तर आधी तोही तोलावा लागला असता, म्हणून पिशवीत सोलायचे राहिलेले चार नारळ भरून भाऊ झोका घेऊ लागले. आयुष्यभर ज्यांना भ्याले तेच नारळ असे हातात आले, आणि दिवस बरे जाऊ लागले. मग एकदा पिशवीचा बंद तुटून एक नारळ वहिनींच्या फणसपोळीच्या ताटात बसला. वहिनी म्हणाल्या, "तुमचा तो गोळा परवडला."

तेव्हा मार्गशीर्ष उजाडला होता. गोळा पहिल्यांदा जमिनीवरून वर आला त्या सकाळी मी मुद्दाम हजर होते. भाऊंनी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, पडवीत आम्ही दोघीच होतो तरी "सगळ्यांनी लांब उभं राहा" असं सांगितलं. मग सवयीने तळवे पुढे केले, आणि तिथेच अडलं. गोळा उचलायला दोन्ही हात लागत होते. तोलायचं कशावर? एकदा ते कडी धरत, मग सोडून तळवे धरत, पुन्हा कडी. वहिनींनी चुलीवरचं पाणी उतरवलं, परत आल्या, तरी तेच चालू. "उचलताय की आरती करताय?" त्या म्हणाल्या, आणि त्या झटक्यात भाऊंनी उचलला. गुडघ्यांपर्यंत आला. भाऊंचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

पौष-माघात त्यांनी खरोखर नेटाने मेहनत केली. बाईंनी सांगितलं तेवढेच झोके, पाठ सरळ, दम लागला की थांबायचं. फक्त एक गोष्ट त्यांनी आपल्या मनाने वाढवली: फोनवर पालखीचा ढोल लावू लागले. म्हणाले, त्या तालाशिवाय खुबा हलत नाही. आता पालखीच्या ढोलाचं असं आहे की तो आधी संथ असतो आणि मग चढत जातो, आणि कोकणातल्या माणसाच्या पायांना तो चढला की थांबणं माहीत नाही. एका रविवारी ढोल चढला, भाऊ चढले, झोके वाढत गेले, वहिनी आतून ओरडल्या, "अहो, बास!" आणि गोळा सुटला. अंगणावरून गेला आणि शेजारच्या चाचींच्या गडग्यात, त्या जांभ्या दगडाच्या रचलेल्या कुंपणात, बसला. भलंमोठं भगदाड पडलं. धूळ खाली बसली तशी त्यातून एकेक करून चाचींच्या कोंबड्या आमच्याकडे आल्या आणि मागोमाग चाचींचा चेहरा दिसला.

"भाऊ," चाची म्हणाल्या, "यायचं असलं तर फाटकातून या की!"

मी पायरीवर बसून पोट धरून हसत होते. भाऊ मात्र भगदाडाजवळ गेले, गुडघ्यांवर बसले आणि गोळा गेला त्या उंचीवर हात धरून बघत राहिले. तिथे तासाभरापूर्वी चाचींचा नातू खेळत होता. त्या दिवसापासून ढोल बंद झाला, झोका अंगणाकडे नव्हे तर भिंतीकडे तोंड करून होऊ लागला, आणि गडगा भाऊंनी स्वतः पुन्हा रचून दिला. दगड उचलताना खुब्यातून वाकत होते. ते मी पाहिलं.

ह्या सगळ्या महिन्यांत एक गोष्ट मात्र तोलायची राहिली होती आणि ती कुणाच्या लक्षातही येत नव्हती. पडवी रोज झाडावी लागे. गोळा पडवीत. भाऊ सकाळी पाच-सात झोके घेऊन, घाम पुसत, "आज बरा उचलला" असं म्हणत आत जात. मग वहिनी केरसुणी घेऊन येत, डाव्या हाताने गोळा उचलत, त्याखालचं झाडत आणि पुन्हा जागेवर ठेवत. एकदा तर कानाशी फोन धरून बहिणीशी बोलत बोलत त्यांनी तो ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेला. मी म्हटलं, "वहिनी, चोवीस किलो आहे तो." त्या म्हणाल्या, "असेल. केर अडतो त्याच्याखाली."

शिमगा आला. भाऊंनी मला गावी बोलावलं होतं. सहाणेपाशी दुपारी माणूस मावत नव्हता. पालखीला चांदीची रूपं, म्हणजे देवीचे मुखवटे, लावलेली, हार, अबोली, गुलाल. भाऊ पांढरा सदरा घालून उभे होते आणि खरंच ताठ दिसत होते. फक्त पुतण्याची वाट बघणं चाललं होतं. तो दुपारच्या गाडीने आला. गाडीतून उतरताना आधी एक पाय आला, बऱ्याच वेळाने दुसरा. शर्टाखाली कमरेला चार बोटं रुंद पट्टा.

"बत्तीस?" भाऊंनी विचारलं.

"हो काका. रील काढत होतो."

"अंग गरम केलं होतंस आधी?"

पुतण्याने नकारार्थी मान हलवली. भाऊंनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. आठ महिने जी कंबर सगळ्यांनी सांभाळली ती धडधाकट उभी होती आणि दुसरा खांदा नव्हता. गावकर आले. त्यांनी पट्टा पाहिला, देवीकडे पाहिलं, आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "मंग काय करूया भाऊ? घरातलं दुसरं मानूस?"

"मी हाय की," वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी हातातली पूजेची थाळी माझ्याकडे दिली. "तीस वर्सं होत आली ह्या घरात. घरातली दोन मान्सं पायजेत ना? हे एक, मी दुसरी."

मागून कुणी तरी म्हणालं, बाईमाणूस कसं, असं कधी झालेलं नाय. दुसरा म्हणाला, शेजारच्या गावात बायका नाचवतात की आता. गावकर कपाळ खाजवू लागले. "वयनी, तसं नव्हं... देवीला कौल लावूया. तिला विचारू."

"देवी बाईच हाय," वहिनी म्हणाल्या. "तिला काय विचारताव?"

गावकरांनी कपाळावरचा हात खाली घेतला. पण तेवढ्यात भाऊ पुढे आले, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलटच बोलले. "नको," ते म्हणाले. "जाऊ दे मान वरच्या वाडीला. हिला नको." ते वहिनी आणि पालखीच्या मध्ये उभे राहिले. "पालखी दोन-तीन गोळ्यांएवढी आहे. पाय घसरला, कंबर गेली हिची, तर मान घेऊन काय करू मी? मी नाही हा धोका घेणार." आणि भर सहाणेवर, सगळ्या गावासमोर, त्यांचे डोळे भरले. ज्या मानासाठी त्यांनी ते आठ महिने काढले होते, तो त्यांनी एका क्षणात सोडून दिला होता. तळवे न धरता.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही ते नवीन असावं. मग त्यांनी पदर कमरेला खोचला. "तुमचा गोळा रोज उचलून बाजूला कोण ठेवतं?" त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा नाय विचारलंत कधी. चला, धरा तुमचं टोक. आणि खुब्यातून वाका."

ढोल वाजला. दोघांनी दांडा खांद्यावर घेतला. पहिली काही पावलं भाऊ पालखीखाली कमी आणि वहिनींकडे बघण्यात जास्त होते. "हळू," ते ओरडत होते, "श्वास सोड!" वहिनींना काही ऐकू येत नव्हतं. त्या फिरल्या, तशी पालखी फिरली, तसे भाऊ फिरले. त्या खाली बसल्या आणि उसळी मारून उठल्या, आणि दुसऱ्या टोकाला भाऊही उठले, पाठ सरळ, मान वर. गाव ओरडायला लागलं. पुतण्या पट्टा धरून नाचायला लागला आणि "आई गं" करून थांबला. मी थाळी छातीशी धरून एकाच वेळी हसत होते आणि रडत होते, कुंकू माझ्या सगळ्या साडीवर सांडलं होतं.

ठरलेल्या फेऱ्या झाल्या. गावकरांनी हात वर केला, "पयला खांदा झाला!" म्हणून जाहीर केलं. मान घरात राहिला. आता कुणीही खांदा द्यावा. वरच्या वाडीच्या एका तरुणाने भाऊंच्या खांद्यावरून दांडा घेतला, आणि भाऊ धापा टाकत माझ्याशेजारी चौथऱ्याच्या कडेला येऊन बसले. वहिनींचं टोक घ्यायलाही कुणी तरी पुढे झालं. वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. तेवढ्यात गावकरांची सून पुढे आली आणि त्या तरुणाच्या हातातलं टोक तिने घेतलं. आता दोन्हीकडे बायका होत्या. ढोल चढला.

भाऊ बघत होते. वहिनींचा अंबाडा सुटला होता, कपाळभर गुलाल होता आणि त्या खदाखदा हसत होत्या, तोंड लपवायचं भान न ठेवता.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "हिला नाचायला आवडतं, हे मला ठाऊकच नव्हतं ओ."

ते उठले, देवळाच्या आडावर गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन गर्दीत घुसले. एका फेरीच्या शेवटी त्यांनी वहिनींना गाठलं. कुणी तरी क्षणभर दांड्याला खांदा दिला. वहिनींनी तांब्या घेतला, घटाघटा अर्धा रिकामा केला, उरलेलं पाणी भाऊंच्या हातात दिलं, "धरा जरा" म्हणाल्या आणि परत पालखीखाली गेल्या.